शिकारी रायफल किती अचूक हवी आणि ती कशी तपासावी

रायफल घेताना पहिला प्रश्न ठरलेला असतो: "ग्रुप किती देते?" म्हणजे एकाच बिंदूवर नेम धरून झाडलेल्या गोळ्या किती जवळजवळ पडतात? उत्तरादाखल एक कागद पुढे येतो. 100 मीटरवरची तीन भोकं एकमेकांना चिकटलेली, शेजारी पेनाने लिहिलेलं, "अर्धा एमओए". एवढ्या कागदावर रायफल घेऊ नये. त्या दिवशी त्या तीन गोळ्या जवळजवळ पडल्या, यापलीकडे तो काहीच सांगत नाही. शिकारीत प्रश्न वेगळा असतो. आठवडाभर कपाटात राहिलेली, वाटेत गाडीत हिंदकळलेली, नळी थंड असलेली रायफल पहिलीच गोळी ठरलेल्या जागी टाकते का? चुकीच्या जागी लागलेल्या गोळीने जनावर जखमी होऊन निघून जातं आणि तासन्‌तास तडफडतं. अचूकतेचा सगळा विचार त्या पहिल्या गोळीपासून सुरू व्हायला हवा.

आधी जनावर, मग अंतर, शेवटी रायफल

मापाचं एकक एमओए, म्हणजे अंशाचा साठावा भाग. 100 मीटरवर 1 एमओए म्हणजे 2.9 सेंमी, 200 मीटरवर 5.8 आणि 300 मीटरवर 8.7. मिलरेडियनमध्ये मोजणाऱ्यांसाठी 1 मिल म्हणजे 100 मीटरवर 10 सेंमी.

हिशोब जनावराकडून सुरू करावा. हृदय आणि फुफ्फुसं मिळून जो मर्मभाग होतो, तो रो हरणाएवढ्या लहान जनावरात साधारण 12 सेंमीचा, व्हाइटटेलसारख्या मध्यम हरणात 20 सेंमीचा, आणि एल्क किंवा मूसमध्ये 30 सेंमीहून मोठा धरतात. पण हा पूर्ण आकडा वापरायचा नाही. जनावर किंचित तिरकं उभं असतं, अंतराचा अंदाज थोडा चुकतो, वारा थोडा ढकलतो. मध्यम हरणाच्या 20 सेंमीपैकी 15 सेंमीच आपल्या वाट्याचे समजावेत. लहान हरणाच्या 12 पैकी 9.

आता या 15 सेंमीत दोघांची चूक मावायला हवी, रायफलची आणि माणसाची. या दोन चुकांची सरळ बेरीज होत नाही. दोन्हींचे वर्ग करायचे, ते मिळवायचे आणि वर्गमूळ काढायचं. हे गणित एकदा हाताने करून पाहावंच, कारण कोणती रायफल घ्यायची याचा निम्मा निर्णय त्यात होऊन जातो.

समजा शिकारी काठीच्या आधाराने उभ्याने नेम धरतो आणि त्याच्या हाताची चूक 4 एमओए आहे. रायफल 1.5 एमओएची असेल तर एकूण चूक 4.3 येते, म्हणजे 100 मीटरवर साडेबारा सेंमीच्या आसपास. त्याच माणसाच्या हातात पाऊण एमओएची, बरीच महाग रायफल दिली तर एकूण चूक 4.1 होते, म्हणजे पावणेबारा-बारा सेंमी. फरक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा. उलट 3 एमओएची जुनी रायफल दिली तर 5 एमओए, साडेचौदा सेंमी. तीही 15 मध्ये बसते, मात्र काठावर.

हाच माणूस पालथा पडून, पुढे पिशवीचा आधार घेऊन 1.5 एमओए राखत असेल तर चित्र बदलतं. 200 मीटरवर 1.5 एमओएच्या रायफलीने एकूण वर्तुळ सव्वाबारा सेंमीचं होतं, पाऊण एमओएच्या रायफलीने 10 सेंमीपेक्षा किंचित कमी, आणि 3 एमओएच्या रायफलीने साडेएकोणीस. इथे 3 एमओएची रायफल बाद झाली. 300 मीटरवर 1.5 वालीही बाद होते, कारण वर्तुळ साडेअठरा सेंमीवर जातं. पाऊण एमओए वाली साडेचौदावर कशीबशी टिकते, पण तिथे वारा आडवा येतो. .308 विंचेस्टर काडतुसाच्या नेहमीच्या 165 ग्रेन (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं एकक) गोळीला आडव्या वाऱ्याचा अंदाज ताशी 5 किलोमीटरने चुकला, तरी 300 मीटरवर गोळी सहा-सात सेंमी बाजूला जाते. रायफल बदलून वाचवलेले चार सेंमी वारा परत घेऊन जातो.

म्हणून मध्यम आणि मोठ्या जनावरांसाठी, 200 मीटरपर्यंत, 10 गोळ्यांत 2 एमओएच्या आत राहणारी रायफल पुरेशी आहे. 1.5 मिळाली तर उत्तम. त्याहून बारीक आकड्यासाठी जास्त पैसे मोजण्याऐवजी ते काडतुसांवर आणि सरावावर घालवावेत. याला अपवाद दोन. शेताची नासधूस करणाऱ्या लहान प्राण्यांचं लक्ष्य 5 सेंमीचं असतं, आणि 200 मीटरवर ते 1 एमओएपेक्षाही लहान दिसतं. तिथे खरोखर बारीक रायफल लागते. दुसऱ्या टोकाला दाट झाडीत 50 मीटरच्या आत वापरायची मोठ्या कॅलिबरची रायफल. तिच्याकडून 3 एमओए मिळाले तरी चालतील, पण दुसरं काडतूस न अडकता चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी ते बसतं त्या जागेत, गेलंच पाहिजे.

नॉर्वेत मोठ्या जनावरांच्या शिकारीआधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते: 100 मीटरवर 30 सेंमीच्या वर्तुळात 5 गोळ्या. फिनलंडमध्ये मूससाठी 75 मीटरवर 23 सेंमीत 4 गोळ्या. दोन्ही वर्तुळं कोनात मोजली तर 10 एमओएच्या थोडी वर येतात. धड अवस्थेतल्या कोणत्याही रायफलीला हे जड नाही. तिथे कसोटी माणसाची लागते.

तीन गोळ्यांचा ग्रुप का फसवतो

ग्रुपचं माप म्हणजे सर्वांत लांब पडलेल्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर. बाहेरच्या कडांपासून मोजून त्यातून गोळीचा व्यास वजा केला की तेच मिळतं. गोळ्या जितक्या जास्त, तितकं हे अंतर वाढत जातं. रायफल तीच असली तरीही. तीन गोळ्यांत सरासरी 1 एमओए देणारी रायफल पाच गोळ्यांत 1.27 आणि दहा गोळ्यांत 1.58 देईल. तिच्यात काही बिघडलेलं नसतं. विखुरण्याचा स्वभावच तसा आहे.

शिवाय तीन गोळ्यांचे ग्रुप आपापसांत फार हेलकावतात. सरासरी 1.5 असलेली रायफल एकदा 0.8 दाखवेल, पुढच्या वेळी 2.3. त्यातला 0.8 चा कागद जपून ठेवला जातो आणि 2.3 च्या वेळी "हात हलला" असं म्हटलं जातं. कंपनीची "1 एमओए"ची हमीही बहुधा तीन गोळ्यांवर आणि निवडक काडतुसांवर असते. दोन रायफलींची किंवा दोन काडतुसांची तुलना करायची तर प्रत्येकी 10 गोळ्या झाडाव्यात, त्याही सलग नाही. पाच-पाचचे दोन ग्रुप एकाच बिंदूवर नेम धरून झाडायचे आणि दुसरा कागद पहिल्यावर ठेवून एकत्र मोजायचे. बाहेर पडलेली गोळी मोजणीतून काढायची नाही. चाप ओढताना हात हलल्याचं भोक पाहण्याआधी सांगितलं असेल, तरच ती गोळी सोडता येते.

चाचणीची मांडणी

एका रायफलीसाठी साधारण 60 काडतुसं लागतात: तीन प्रकारच्या काडतुसांच्या 10-10, थंड नळीच्या चाचणीसाठी 10, आणि मैदानी आसनांसाठी 20. प्रत्येक प्रकारातली सगळी काडतुसं एकाच लॉटची, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेली, असावीत. खोक्यावरचा लॉट क्रमांक लिहून ठेवावा. एकाच नावाच्या दोन लॉटमध्ये गोळीची जागा काही सेंमीने सरकू शकते.

गोळी झाडण्याआधी स्क्रू तपासा. ॲक्शन (काडतूस आत घेऊन झाडणारी यंत्रणा) दस्त्याला धरून ठेवणारे स्क्रू बहुतेक रायफलींत 5 ते 7 न्यूटन-मीटर आवळतात, स्कोपच्या रिंगांचे 2 च्या आसपास. नेमका आकडा त्या रायफलीच्या आणि रिंगांच्या पुस्तिकेतलाच पाळावा. अंदाजाने आवळू नका. टॉर्कचा पाना वापरा. रिंगा फार आवळल्या तर स्कोपची नळी चेपते आणि आतले भाग अडखळतात.

नंतर कागदाची एक पट्टी घ्या. ती नळी आणि दस्त्याच्या पुढच्या भागाच्या मधून सरकवत ॲक्शनकडे न्या. नळी मोकळी ठेवलेली असेल तर पट्टी कुठेही न अडकता सरकते. एकाच बाजूला अडकली तर दस्ता नळीला तिथे टेकतोय. पुढच्या टोकाला दोन्ही बाजूंनी सारखा दाब दिसला तर तो कारखान्यातच मुद्दाम ठेवलेला असू शकतो. काही रायफलींची रचनाच तशी असते, तिथे लगेच कानस घेऊन बसू नये. आता दस्त्याचं पुढचं टोक हाताने नळीकडे दाबून पट्टी पुन्हा फिरवा. प्लॅस्टिकचे हलके दस्ते इथे उघडे पडतात: हाताच्या दाबाने टेकणारा दस्ता वाळूच्या पिशवीवरही टेकतो, आणि पिशवीवरचं झीरो, म्हणजे नेमाच्या जागीच गोळी पडावी अशी स्कोपची जुळणी, दुपायी स्टँडवर जुळत नाही.

झाडताना आधार दस्त्याला द्यायचा, नळीला कधीच नाही. नळी कशावरही टेकली की प्रत्येक गोळीला ती वेगळी उसळते. पुढची पिशवी मॅगझिनच्या थोडी पुढे, आणि दर वेळी तिथेच. पट्ट्याची कडी पिशवीवर आपटणार नाही इतकी जागा सोडा. मागची पिशवी दस्त्याच्या टाचेखाली. ती मुठीत आवळून किंवा सैल सोडून उंची जुळवायची. गाल दस्त्यावर रोज त्याच जागी टेकायला हवा, कारण बहुतेक शिकारी स्कोपमधला पॅरॅलॅक्स 100 यार्ड किंवा 100 मीटरसाठी पक्का केलेला असतो. 50 मीटरवर डोळा मध्यापासून सरकला तर फुली लक्ष्यावर सरकलेली दिसते आणि ग्रुप उगाच रुंदावतो.

गोळ्यांमध्ये मिनिट-दीड मिनिट थांबा. पाच झाल्या की बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा सरकता दांडा) उघडा ठेवून नळी हाताला नुसती कोमट लागेपर्यंत वाट पाहा. बारीक नळीला पंधरा मिनिटंही लागतात. कानांना संरक्षण, मागे गोळी अडवणारा मातीचा बांध, आणि पुढे कोणी असताना बोल्ट उघडा, यात सूट नाही. नळी आतून तेलकट असेल तर सुरुवातीच्या दोन-तीन गोळ्या मोजू नका, त्यांची जागा बहुधा वेगळी असते.

काडतुसं निवडताना नळीचा पीळ लक्षात घ्यावा. पीळ म्हणजे किती इंचांत गोळी एक पूर्ण फेरी घेते. .223 ची 1:12 पिळाची नळी 55 ग्रेनपर्यंतच्या गोळ्या व्यवस्थित फिरवते. 75-77 ग्रेनच्या लांब गोळीला 1:8 किंवा त्याहून घट्ट पीळ लागतो. पूर्ण तांब्याच्या गोळ्या त्याच वजनाच्या शिशाच्या गोळीपेक्षा लांब असतात, म्हणून त्यांना पीळ घट्ट लागतो आणि त्यांची पडण्याची जागाही निराळी असते. कागदावर भोक गोल न येता लांबुळकं आलं तर गोळी तिरकी जातेय. ते काडतूस त्या रायफलीत पुन्हा घालू नये.

थंड नळीची चाचणी

या लेखातली एकच पायरी करायची असेल तर ही करा. वेगवेगळ्या पाच दिवशी, प्रत्येक वेळी फक्त दोन गोळ्या. 100 मीटर, तोच आधार, तेच काडतूस, आणि प्रत्येक वेळी तोच कागद. कागद घरी आणायचा आणि पुढच्या वेळी पुन्हा लावायचा. प्रत्येक भोकाशेजारी तारीख लिहायची, आणि पहिली गोळी की दुसरी तेही. मधल्या दिवसांत रायफल जशी शिकारीला नेतो तशीच वापरायची: पिशवीत घालायची, गाडीतून न्यायची, बोल्ट काढून परत बसवायचा. शक्य तर एक दिवस पहाटेच्या गारव्यात आणि एक दुपारच्या उन्हात.

पाचव्या दिवसानंतर कागदावर फक्त पहिल्या गोळ्यांची पाच भोकं पाहा. ती 1.5 एमओएच्या, म्हणजे साडेचार सेंमीच्या आत असतील आणि त्यांचा मध्य झीरोपासून 2 सेंमीपेक्षा लांब नसेल, तर शिकारीसाठी ही रायफल पास, मग टेबलावरचा तिचा ग्रुप कितीही साधा असो. पहिल्या पाच एका जागी आणि दुसऱ्या पाच 3 सेंमी वर, पण दोन्ही झुबके घट्ट, असं दिसलं तरी चालेल. झीरो पहिल्या गोळीचं ठेवायचं. नापास करायचं ते एकाच चित्राला: सोमवारी डावीकडे, गुरुवारी उजवीकडे, आणि प्रत्येक दिवसाच्या दोन्ही गोळ्या मात्र जवळजवळ. रायफल त्या त्या दिवशी नीट मारतेय, पण मध्ये कुठेतरी काहीतरी सरकतंय. टेबलावर सलग झाडलेल्या घट्ट ग्रुपमध्ये हा दोष कधीच दिसत नाही. लाकडी दस्ता दमट हवेत फुगून नळीला टेकणं, ॲक्शन दस्त्यात घट्ट न बसणं, स्कोपचा ढिला पाया, ही नेहमीची कारणं.

झीरो लावतानाही घाई नको. दहा गोळ्यांत 2 एमओए देणाऱ्या रायफलीच्या तीन गोळ्यांचा मध्य खऱ्या मध्यापासून सहज सेंटिमीटरभर सरकलेला असतो, आणि स्कोपची चकती फिरवताना पाव एमओएचा एक क्लिक 100 मीटरवर फक्त 7 मिलिमीटरचा. प्रत्येक गोळीनंतर क्लिक फिरवत राहिलं तर माणूस रायफलीच्या नैसर्गिक विखुरण्याच्या मागे धावत राहतो. आधी पाच ते दहा गोळ्या, मग त्यांच्या मध्यावरून एकदाच दुरुस्ती, मग पुन्हा पाच.

ग्रुपचा आकार काय सांगतो

भोकं खालून वर रांगेत गेली तर आधी उष्णता पाहा: नळी तापली की बारीक नळी वाकते किंवा दस्त्याला टेकते. नळी थंड ठेवूनही रांग उभीच राहिली तर आधाराची जागा बदलतेय किंवा काडतुसांचा वेग कमीजास्त आहे. आडव्या रांगेचं कारण बहुधा वारा, नाहीतर चाप झटक्याने ओढणं. दोन वेगळे झुबके, प्रत्येक घट्ट, असं दिसलं की रिंगा, पाया आणि ॲक्शनचे स्क्रू. काहीतरी दोन जागांमध्ये उड्या मारतंय. सगळीकडे विखुरलेला, आकार नसलेला ग्रुप आला तर काडतूस बदलून पाहा, मग गोळ्यांनी नळीत सोडलेलं तांबं स्वच्छ करा, मग नळीच्या तोंडाची कड तपासा.

दुरुस्तीचा क्रम स्वस्तापासून महागाकडे: स्क्रू, मग खात्रीचा दुसरा स्कोप बसवून चाचणी, मग काडतूस, मग सफाई, मग तोंडाची कड, मग बेडिंग, आणि सर्वांत शेवटी नळी. बेडिंग म्हणजे ॲक्शन दस्त्यात जिथे बसतं ती जागा इपॉक्सीने तंतोतंत करून घेणं. स्कोपची शंका सर्वांत उशिरा घेतली जाते, आणि कित्येकदा दोष तिथेच निघतो. तपासायला 20 क्लिक उजवीकडे, 20 वर, 20 डावीकडे, 20 खाली फिरवा आणि प्रत्येक थांब्यावर एकाच बिंदूवर नेम धरून दोन गोळ्या झाडा. कागदावर चौकोन उमटला आणि शेवटच्या गोळ्या पहिल्या जागी परतल्या तर स्कोप ठीक.

वापरलेली रायफल घेताना

बोल्ट काढा, रायफल रिकामी असल्याची बोटाने खात्री करा आणि नळीच्या तोंडाच्या आतल्या कडेवर कापसाची काडी गोल फिरवा. तंतू अडकला तिथे खरचटा आहे. एवढासा खरचटाही बाहेर पडणाऱ्या गोळीला एका बाजूने गॅसचा धक्का देतो. कारागीर ती कड नव्याने कापून देतो, काम मोठं नाही, त्यामुळे एवढ्यावरून चांगली रायफल सोडू नये. किंमत कमी करून मागावी. नळीत मागून उजेड टाका. चेंबरच्या लगेच पुढे आटे (पीळ देणाऱ्या खाचा) पुसट आणि भेगाळलेले दिसले तर नळी बरीच झिजली आहे, आणि त्यावर स्वस्त उपाय नाही. स्क्रूंची डोकी चुरगळलेली असतील तर कोणीतरी चुकीच्या पान्याने आत हात घातला आहे. रिकाम्या चेंबरवर चाप दहा वेळा ओढून पाहा: दर वेळी त्याच वजनाला, आधी न घसरता सुटला पाहिजे. शिकारीसाठी 1 ते 1.5 किलो ठीक. अडीच-तीन किलोचा, रखडत जाणारा चाप चांगल्या नळीचा ग्रुपही दुप्पट करून दाखवतो.

उरलेल्या 20 गोळ्या

या टेबलावर झाडायच्या नाहीत. साध्या पुठ्ठ्यावर 15 सेंमीची वर्तुळं काढा, मध्ये बिंदू ठेवू नका. जनावराच्या अंगावर बिंदू नसतो. 100 मीटरवर पाच गोळ्या काठीच्या आधाराने उभ्याने, पाच बसून, पाच पालथं पडून पिशवीवर. प्रत्येक गोळीआधी रायफल खांद्यावरून काढा, दहा पावलं चालून या, नव्याने आसन घ्या, आणि दहा सेकंदांत गोळी सोडा. ज्या आसनात पाचही गोळ्या वर्तुळात पडल्या, त्यासाठी 100 मीटर मान्य. एक जरी बाहेर गेली तर 75 वर या आणि पुन्हा पाच. उरलेल्या पाच गोळ्या यासाठीच राखलेल्या असतात. अजून लागल्या तर नवं खोकं फोडा. पालथ्या आसनात सगळ्या गोळ्या मधोमध बसल्या असतील तर पुढच्या खेपेला ते आसन 150 वर न्या.

हाती येणारे तीन आकडे, उभ्याने, बसून आणि पालथं, कागदी चिकटपट्टीवर लिहून दस्त्याच्या डाव्या बाजूला लावा, गाल टेकतो त्याच्या जरा पुढे. खाली झीरोचं अंतर, काडतुसाचं नाव, लॉट क्रमांक आणि तारीख. लॉट बदलला की पट्टी काढायची आणि थंड नळीच्या गोळ्या पुन्हा झाडायच्या.